संवर्धनाची परिस्थिती मूलपेशीचे भवितव्य घडवते की आधीच ठरलेल्या पेशी फक्त निवडते?

पेशीवाचक

नमस्कार. मी अस्थिमज्जेतून मिळवलेल्या मेसेनकायमल मूलपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून अस्थी, मेद आणि कूर्चा यांच्या पेशी बनू शकतात अशा पेशींवर, काम करते. एकाच दात्याच्या, एकाच पॅसेजच्या (म्हणजे तितक्याच वेळा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या) पेशी मी दोन पृष्ठभागांवर वाढवत आहे. एक पृष्ठभाग संवर्धनाच्या नेहमीच्या प्लास्टिकचा आहे आणि दुसरा कोलॅजनचा थर दिलेल्या, सुमारे २ किलोपास्कल ताठरतेच्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलचा. माध्यम दोन्हीकडे एकच आहे. त्यात अस्थिजनक आणि मेदजनक मिश्रणे निम्मी-निम्मी घातली आहेत, म्हणजे पेशीला दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. प्लास्टिकवरच्या पेशी पसरट होतात, त्यांच्यात अ‍ॅक्टिन या पेशीकंकालातील प्रथिनाचे जाड तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले दिसतात आणि पुढे अ‍ॅलिझरिन रेड या कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाने लाल डाग उमटतात, म्हणजे त्या अस्थीकडे जातात. जेलवरच्या पेशी आखूड आणि गोलसर राहतात, आणि त्यांच्यात ऑइल रेड ओ या रंगाने मेदाचे थेंब दिसतात.

इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. माझी अडचण निष्कर्षाच्या वाक्यापाशी सुरू होते. ‘मऊ पृष्ठभागामुळे मूलपेशी मेदपेशी झाल्या’ असे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे? जेलवर पेरलेल्या पेशींपैकी बऱ्याच पेशी नीट चिकटत नाहीत आणि माध्यम बदलताना निघून जातात. उरलेल्या पेशींचा कल मुळातच मेदाकडे असेल, तर जेलने त्यांना काहीच शिकवलेले नाही, फक्त बाकीच्यांना बाहेर काढले आहे. शिवाय पेशी कमी चिकटल्या म्हणजे घनताही बदलली. तेव्हा ताठरतेचा परिणाम, घनतेचा परिणाम आणि निवड हे तीन धागे वेगळे कसे करावेत, आणि ताठरतेखेरीज संवर्धनातल्या कोणत्या गोष्टी मी गृहीत धरून चालले आहे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मृदुस्पर्श

प्रश्न फार नेमका विचारला आहे. मी यांत्रिक बाजूपासून सुरुवात करतो, कारण या बाजूचा पुरावा भक्कम आहे, मात्र त्याच्या मर्यादा अनेकदा सांगितल्या जात नाहीत.

आपल्या प्रयोगाचे मूळ दोन शोधनिबंधांत आहे. २००४ मध्ये रोवेना मॅकबेथ आणि क्रिस्टोफर चेन यांच्या गटाने मानवी मेसेनकायमल पेशींना चिकटण्यासाठी ठरावीक आकाराची सूक्ष्म बेटे दिली. सुमारे १,००० चौरस मायक्रोमीटरच्या लहान बेटावर अडकलेली पेशी गोल राहून मेदाकडे गेली आणि १०,००० चौरस मायक्रोमीटरच्या बेटावर पसरलेली पेशी अस्थीकडे गेली. माध्यम आपल्यासारखेच मिश्र होते, आणि एका बेटावर एकच पेशी असल्याने शेजारणींचा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता. पसरण्याची मुभा मिळाली की पेशीत र्‍होए हे प्रथिन आणि त्याच्या हाताखालचे रॉक हे किनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारे एन्झाइम) अधिक सक्रिय होते, मायोसिन हे प्रथिन अ‍ॅक्टिनला ओढते आणि पेशीकंकालात ताण निर्माण होतो. या गटाला असेही आढळले की रॉक कृत्रिमरीत्या सतत सक्रिय ठेवले, तर पेशीचा आकार कसाही असला तरी ती अस्थीकडे वळते. म्हणजे आकाराचा संदेश ताणाच्या मार्गाने पोचतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण इथे पृष्ठभागाला हात न लावता केवळ पेशीच्या आतला दुवा बदलून निर्णय बदललेला आहे.

दुसरा निबंध २००६ चा, अ‍ॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांच्या गटाचा. त्यांनी पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलची ताठरता बदलत नेली. ०.१ ते १ किलोपास्कलच्या, म्हणजे मेंदूइतक्या मऊ, जेलवर पेशींनी चेतापेशींसारखी लक्षणे दाखवली. ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूपेशींची आणि २५ ते ४० किलोपास्कलवर अस्थिपेशींची. ब्लेबिस्टॅटिन वापरून मायोसिनचे काम थांबवले की ताठरतेचा हा प्रभाव नाहीसा झाला. या निबंधातला एक तपशील सहसा वगळला जातो. पहिल्या आठवड्यात विद्राव्य घटक देऊन पेशींची दिशा बदलता येत होती. काही आठवडे उलटल्यावर मात्र त्या पृष्ठभागाने दाखवलेल्या दिशेला बांधल्या गेल्या. त्यामुळे ‘निर्णय’ हा एका क्षणी घडतो असे न मानता तो हळूहळू पक्का होत जातो असे मानणे अधिक योग्य आहे, आणि आपण पेशी कोणत्या टप्प्यावर तपासता यावर उत्तर अवलंबून राहते.

ताण केंद्रकापर्यंत कसा पोचतो, याचा मोठा दुवा २०११ मध्ये स्तेफानो पिक्कोलो यांच्या गटाने दाखवला. ताठर पृष्ठभागावर याप आणि टॅझ ही जनुके चालू करण्यास मदत करणारी दोन प्रथिने केंद्रकात जमा होतात आणि मऊ पृष्ठभागावर पेशीद्रवात राहतात. आपण याप रंगवून पाहिले नसेल तर अवश्य पाहा, आणि पेरणीनंतर लवकर पाहा. मेदाचे थेंब हा शेवट आहे. याप कुठे आहे यावरून सुरुवात कळते.

मर्यादांविषयी दोन गोष्टी सांगतो. २०१२ मध्ये ट्रॅपमन आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची ताठरता बदलली की त्याची सच्छिद्रता आणि त्यावर कोलॅजन किती ठिकाणी घट्ट बांधले जाते हेही बदलते, आणि पेशीला खरे तर हेच जाणवत असावे. २०१४ मध्ये एंगलर यांच्या गटाने सच्छिद्रता आणि ताठरता एकमेकींपासून सोडवून दाखवल्या आणि आपला मूळ निष्कर्ष ताठरतेच्या बाजूने मांडला. माझे मत एंगलर यांच्या बाजूकडे झुकते, तरी या वादातून मिळालेली सावधगिरी कायम ठेवावी : दोन जेलांची तुलना करताना दोन्हींवरचे कोलॅजन मोजलेले असावे. दुसरी गोष्ट जाडीची. जेलचा थर काही मायक्रोमीटरच असेल, तर पेशी खालची काच ‘जाणते’ आणि आपण मऊ समजत असलेला पृष्ठभाग तिच्या दृष्टीने मऊ नसतो.

शेवटी, आपल्या रचनेत लपलेल्या एका घटकाकडे लक्ष वेधतो. जेलवर येण्यापूर्वी या पेशी कुठे होत्या? प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये. प्लास्टिकची ताठरता गिगापास्कलच्या घरात आहे, म्हणजे आपल्या जेलच्या लाखो पट. क्रिस्टी अनसेथ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की ताठर पृष्ठभागावर पुरेसा काळ राहिलेल्या पेशींना मऊ जेलवर हलवले तरी याप आणि अस्थीची जनुके चालू करणारे रन्क्स-२ ही प्रथिने केंद्रकात टिकून राहतात, आणि हा काळ एका मर्यादेपलीकडे गेला तर ती स्थिती परत फिरत नाही. पेशीची ही यांत्रिक स्मृती आहे. आपला प्रयोग आपण समजता त्याच्या बराच आधी, फ्लास्कमध्येच सुरू झालेला आहे.

वंशावळ

मृदुस्पर्श यांनी लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु त्यातून मूळ प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळते असे माझे मत आहे. रॉक सक्रिय केल्यावर अस्थीचे प्रमाण वाढले, यावरून रॉकचा परिणाम होतो एवढे सिद्ध होते. तो परिणाम प्रत्येक पेशीच्या दिशेवर होतो की विशिष्ट पेशींच्या जगण्यावर आणि वाढीवर, हे केवळ अंतिम प्रमाण मोजून कळत नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, सुरुवातीच्या १०० पेशींपैकी ७० चा कल अस्थीकडे आणि ३० चा मेदाकडे आहे, आणि शेवटी जेलवर ८० टक्के मेदपेशी दिसतात. हे तीन प्रकारे घडू शकते. अस्थीकडे कललेल्या पेशींनी दिशा बदलली असेल. किंवा त्या चिकटल्या नाहीत, मेल्या आणि धुतल्या गेल्या. किंवा दोन्ही प्रकारच्या पेशी जगल्या, पण जेलवर मेदाकडच्या पेशी जास्त वेळा विभागल्या. तिन्ही शक्यतांत शेवटचे छायाचित्र सारखेच असेल. म्हणून एका ठिपक्याचे मोजमाप पुरत नाही. पेशी, तिच्या कन्या आणि नाती यांचा अखंड माग ठेवावा लागतो.

हे करता येते, आणि रक्तपेशींच्या बाबतीत ते उत्तम रीतीने केलेले आहे. ग्रॅन्युलोसाइट आणि मॅक्रोफेज या दोन्ही प्रकारच्या पांढऱ्या पेशी होऊ शकणाऱ्या पूर्वज पेशींवर सायटोकाइन (पेशींना संदेश देणारी प्रथिने) नेमके काय करतात, म्हणजे दिशा देतात की योग्य दिशेच्या पेशींना फक्त जगवतात, हा वाद अनेक वर्षे चालला होता. २००९ मध्ये टिम श्रोडर यांच्या गटाने एकेका पेशीचे सलग चित्रण करून वंशवृक्ष तयार केले. एम-सीएसएफ हे सायटोकाइन दिल्यावर पेशी मॅक्रोफेजकडे आणि जी-सीएसएफ हे दिल्यावर ग्रॅन्युलोसाइटकडे गेल्या, आणि हा फरक दुसऱ्या दिशेच्या पेशींच्या मृत्यूने समजावता येत नव्हता. म्हणजे त्या पेशींना सायटोकाइन खरोखर दिशा देऊ शकतात. पुरावा असा हवा.

उलट टोकाचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. बहुक्षम पेशींपासून, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या मूलपेशींपासून, हृदयस्नायूपेशी तयार करताना माध्यमातील ग्लुकोज काढून घेऊन लॅक्टेट देतात. हृदयस्नायूपेशी लॅक्टेटवर तग धरतात आणि इतर बहुतेक पेशी मरतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने ९९ टक्क्यांपर्यंत शुद्धता मिळते. इथे माध्यमाने एकाही पेशीला हृदयपेशी ‘केले’ नाही. जे घडले ते शुद्ध निवड आहे आणि ती हेतुपूर्वक केली आहे. आपल्या जेलवर नकळत असेच काही घडत नसेल ना, ही आपली शंका म्हणूनच रास्त आहे.

यात आणखी एक पदर आहे. मेसेनकायमल पेशी म्हणजे एकजिनसी समूह नव्हे. २००६ मध्ये ठरलेल्या किमान निकषांनुसार त्यांची पहिली ओळख म्हणजे प्लास्टिकला चिकटणे. त्यानंतर सीडी १०५, सीडी ७३, सीडी ९० या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणा असणे, रक्तपेशींच्या खुणा नसणे आणि संवर्धनात अस्थी, मेद, कूर्चा यांच्या पेशी तयार करता येणे. म्हणजे आपण ज्यांना मूलपेशी म्हणून फ्रीझरमधून बाहेर काढतो, त्यांची पहिली निवड ताठर पृष्ठभागानेच केलेली असते. या खुणा असलेल्या समूहातही काही पेशी तिन्ही दिशांना जाऊ शकतात, तर काही एकाच दिशेला. अशा मिश्र समूहावर कोणतीही अट लादली की थोडीफार निवड होतेच. प्रश्न निवड झाली की नाही हा नसून तिचा वाटा किती, हा आहे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आधी चिकटलेल्या पेशींची संख्या दोन्ही पृष्ठभागांवर मोजा आणि सुटलेल्या पेशी टाकून देऊ नका. माध्यम बदलताना निघालेल्या पेशी गोळा करून नव्या प्लास्टिकवर त्याच माध्यमात वाढवा. त्यांनी मूळ समूहाइतक्याच प्रमाणात अस्थी आणि मेद दिले, तर त्या गळण्याने निवड झालेली नाही असे म्हणता येईल. त्या जवळजवळ सगळ्या अस्थीकडे गेल्या, तर आपले निष्कर्षाचे वाक्य बदलावे लागेल.

पेशीवाचक

दोघांचेही मनापासून आभार. सुटलेल्या पेशी जपण्याची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे, आणि याप रंगवण्याचेही ठरवले आहे. दोन उपप्रश्न आहेत. पहिला असा की घनता वेगळी झाली म्हणजे नेमके काय बदलते? मी आजवर घनतेकडे ‘पेशी किती’ एवढ्याच अर्थाने पाहत होते. दुसरा प्रश्न ऑक्सिजनचा. आमच्याकडे ५ टक्के ऑक्सिजनचा इन्क्युबेटर उपलब्ध आहे. अस्थिमज्जेतल्या पेशींसाठी तोच वापरावा असा आग्रह काही सहकारी धरतात. त्यात तथ्य किती?

केंद्रक

ऑक्सिजनपासून सुरुवात करतो, कारण याबाबत आकडे बोलके आहेत आणि गैरसमजही पुष्कळ आहेत.

नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर बाष्प असल्यामुळे ऑक्सिजन हवेतल्या २१ टक्क्यांऐवजी १८ ते १९ टक्के असतो. २०१४ मध्ये जिवंत उंदराच्या अस्थिमज्जेत थेट मोजमाप केले गेले, तेव्हा रक्तवाहिन्यांची दाटी असूनही काही भागांत ऑक्सिजन १.३ टक्क्यांच्या आसपास आढळला. म्हणजे ज्याला आपण ‘सामान्य’ परिस्थिती म्हणतो ती या पेशींच्या दृष्टीने अतिऑक्सिजनची आहे. ऑक्सिजन पुरेसा असला की विशिष्ट हायड्रॉक्सिलेज एन्झाइम हिफ-१ आल्फा या प्रथिनावर खूण करतात आणि ते प्रथिन नष्ट होते. ऑक्सिजन कमी झाला की ते टिकते, केंद्रकात जाते आणि ग्लुकोजच्या वापरापासून रक्तवाहिन्यांच्या वाढीपर्यंत अनेक जनुके चालू करते. याच यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळाले. मूलपेशींच्या बाबतीत २००५ मध्ये दिसले की मानवी भ्रूण-मूलपेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवल्या तर वसाहतींच्या कडांवर आपोआप होणारे विभेदन, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या पेशींत रूपांतर, घटते. २०१५ मध्ये तर असे दाखवले गेले की रक्तमूलपेशी अस्थिमज्जेतून काढतानाच ३ टक्के ऑक्सिजनमध्ये काढल्या आणि हाताळल्या, तर त्या काही पट अधिक संख्येने मिळतात. हवेचा थोडा वेळ संपर्कसुद्धा त्यांचे मूलपण घालवतो. त्यामुळे आपल्या सहकाऱ्यांच्या आग्रहात तथ्य निश्चित आहे.

तथापि इन्क्युबेटरच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे पेशीला मिळणारा ऑक्सिजन नव्हे. पेशी माध्यमाच्या तळाशी असते आणि ऑक्सिजन वरून झिरपत खाली येतो. माध्यमाचा थर जितका उंच आणि पेशींची दाटी जितकी जास्त, तितका तळाशी ऑक्सिजन कमी पोचतो. १८ टक्क्यांच्या इन्क्युबेटरमध्येही दाट वाढलेल्या पेशींभोवती तो बराच खाली जाऊ शकतो. आता आपला प्रयोग पाहा : प्लास्टिकवर पेशी दाट, जेलवर विरळ, आणि जेलच्या जाडीमुळे विहिरीत (प्लेटमधल्या संवर्धनाच्या खळग्यात) माध्यमाची उंचीही कदाचित वेगळी. म्हणजे दोन पृष्ठभागांची तुलना करताना आपण नकळत दोन ऑक्सिजन-पातळ्यांचीही तुलना करत आहात. त्याचप्रमाणे कमी ऑक्सिजनच्या पेटीतून प्लेट बाहेर काढून, उघड्या हवेत ठेवलेले ताजे माध्यम घातले की हिफ-१ आल्फा काही मिनिटांतच नष्ट होऊ लागते. दर वेळी माध्यम बदलताना पेशींना असा धक्का बसणार असेल तर ५ टक्क्यांचा इन्क्युबेटर अर्धेच काम करेल. निदान माध्यम तरी आधी त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवून समतोलात आणावे.

घनतेविषयी. ‘पेशी किती’ हा घनतेचा सर्वांत वरवरचा अर्थ आहे. दाटीत पेशीला पसरायला जागा उरत नाही, तेव्हा मृदुस्पर्श यांनी सांगितलेला आकार आणि ताण यांचा मार्ग इथेही लागू होतो. दाट वाढलेल्या पेशींत याप केंद्रकाबाहेर जाते. शेजारणींशी कॅडहेरिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाद्वारे जोड तयार होतात. पेशींनी स्वतः स्रवलेले घटक साचतात आणि लॅक्टेट वाढून माध्यम आम्लधर्मी होते. विभाजनाचा वेगही बदलतो, आणि विभाजनचक्रातील स्थान हा निर्णयाचाच भाग आहे. २०१३ मध्ये पॉक्लिन आणि व्हॅलियर यांनी मानवी भ्रूण-मूलपेशींत दाखवले की जी-१ अवस्थेच्या (विभाजनानंतर, डीएनएची प्रत बनण्यापूर्वीच्या काळाच्या) सुरुवातीला असलेल्या पेशी अंतःस्तराकडे (ज्यातून आतडे, यकृत बनतात) जाऊ शकतात, तर त्याच अवस्थेच्या अखेरीस असलेल्या पेशी चेताबाह्यस्तराकडे (ज्यातून चेतासंस्था बनते). संदेश तोच, पेशी तीच, फक्त चक्रातली वेळ वेगळी. या निष्कर्षाकडे मी वारंवार परत येतो, कारण ‘माध्यमात काय घातले’ याबरोबरच ‘ते पोचले तेव्हा पेशी कुठे होती’ हेही विचारावे लागते हे त्यातून स्पष्ट होते.

मेदजननासाठी दाट पेरणी अनुकूल असते, हे आपल्याला ठाऊक असेलच. मग विरळ जेलवर मेद आणि दाट प्लास्टिकवर अस्थी दिसणे, हे घनतेच्या अपेक्षित परिणामाच्या उलट आहे. माझ्या मते ही आपल्या बाजूची गोष्ट आहे : घनतेने आपला निकाल घडवलेला नसून ताठरतेचा परिणाम घनतेवर मात करून दिसतो आहे असा युक्तिवाद करता येईल. तरीही जेलवर अधिक पेशी पेरून, चिकटल्यानंतरची घनता दोन्हीकडे सारखी करून एक तुलना जरूर करावी.

बहुक्षम

मी बहुक्षम पेशींवर काम करते, त्यामुळे थोड्या वेगळ्या बाजूने भर घालते. चर्चेत ‘अमुक घटकामुळे अमुक पेशी’ अशी जोडी गृहीत धरली जात आहे असे मला जाणवले. घटकाला स्वतःचा अर्थ नसतो, संदर्भाने त्याला अर्थ येतो, आणि याची सर्वांत स्पष्ट उदाहरणे आमच्या क्षेत्रात आहेत.

बीएमपी-४ हे संदेशवाहक प्रथिन घ्या. उंदराच्या भ्रूण-मूलपेशींना लिफ या घटकासोबत बीएमपी दिले की त्या सीरमशिवायही (माध्यमात घातल्या जाणाऱ्या रक्तद्रवाशिवायही) मूलपेशी म्हणून टिकतात. हे ऑस्टिन स्मिथ यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले. मानवी भ्रूण-मूलपेशींना तेच बीएमपी-४ दिले तर त्या अपरेच्या (वारेच्या) पेशींसारख्या होऊ लागतात. पुढे २००८ मध्ये उंदराच्या पेशींसाठी मेक आणि जीएसके-३ या दोन किनेजांना रोखणारी रसायने वापरून टू-आय हे माध्यम तयार झाले. त्यात विभेदनाचे संदेश बंद केले की पेशी आपल्या मूळ अवस्थेतच राहते. मानवी पेशी मात्र नेहमीच्या संवर्धनात एफजीएफ-२ आणि अ‍ॅक्टिव्हिन या संदेशवाहक प्रथिनांवर अवलंबून असतात; एफजीएफचा संदेश पुढे नेणारा मेकचा जो मार्ग उंदराच्या पेशींत बंद ठेवायचा, तोच इथे चालू ठेवावा लागतो. माध्यम बदलले की नुसती पेशीची दिशा बदलत नाही, ती विकासाच्या कोणत्या टप्प्यावर उभी आहे हेही बदलते.

जागेचा परिणामही डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. २०१४ मध्ये मानवी भ्रूण-मूलपेशी १,००० मायक्रोमीटर व्यासाच्या गोल ठिपक्यांवर वाढवून सगळ्यांना एकसारखे बीएमपी-४ दिले गेले. दोन दिवसांच्या आत कडेला सीडीएक्स-२ दाखवणाऱ्या पेशींचे वलय, त्याच्या आत ब्रॅकियुरीचे आणि मध्यभागी सॉक्स-२ असे एकाच्या आत एक पट्टे तयार झाले; ही तिन्ही प्रथिने वेगवेगळ्या भवितव्यांच्या खुणा आहेत. माध्यम सर्वत्र सारखे होते, तरी पेशीचे भवितव्य ती कडेपासून किती दूर आहे यावर ठरले. मध्यभागातल्या दाट पेशींचे ग्राहक वरून येणाऱ्या संदेशाला सहज सापडत नाहीत आणि पेशी स्वतःच नॉगिन हा रोधक स्रवतात, असे त्याचे स्पष्टीकरण नंतर पुढे आले. पेशीवाचक, आपल्या विहिरीच्या कडेला आणि मध्यभागी रंग वेगवेगळा दिसतो का, हे पाहिले आहे का? संपूर्ण विहिरीची सरासरी काढण्यापूर्वी हे पाहणे अगत्याचे आहे.

निवडीबाबत वंशावळ यांच्या मुद्द्याला आमच्याकडून कडक दुजोरा देते. बहुक्षम पेशी दीर्घकाळ वाढवल्या की गुणसूत्र २० वरील क्यू ११.२१ या भागाच्या जादा प्रती असलेल्या पेशी समूहात वरचढ होतात. त्या भागात बीसीएल-२-एल-१ हे मृत्यू टाळणारे जनुक आहे. पेशी एकेकट्या सुट्या करून पेरताना ज्या मरत नाहीत त्या पुढे जातात, इतके हे सरळ आहे. २००७ मध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने रॉकरोधक वाय-२७६३२ वापरून सुट्या मानवी पेशी जगवण्याचा मार्ग दाखवला, तो आज सर्वत्र वापरला जातो. परंतु मृदुस्पर्श यांनी सांगितलेल्या ताणाच्या मार्गातले हेच ते रॉक. पेरणीच्या सोयीसाठी घातलेले हे रसायन माध्यमात रेंगाळले, तर आपण नकळत ताठरतेच्या संदेशावर हात ठेवलेला असतो.

मृदुस्पर्श

बहुक्षम यांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. पेशीवाचक, मेसेनकायमल पेशींना पेरणीसाठी रॉकरोधकाची गरज नसते. जेलवर चिकटणे सुधारावे म्हणून तो वापरण्याचा विचार असेल तर टाळावा. त्याऐवजी कोलॅजनचे प्रमाण वाढवून पाहावे, आणि तितकेच प्लास्टिकवरही द्यावे.

वंशावळ यांच्याशी माझा मतभेद एका ठिकाणी उरतो. मॅकबेथ यांच्या प्रयोगात एका बेटावर एक पेशी होती, आणि वाढीला जागाच नसल्याने ‘एका प्रकारच्या पेशी जास्त विभागल्या’ ही शक्यता तिथे जवळजवळ संपते. चिकटण्याच्या टप्प्यावरची निवड उरते हे मान्य. पण परिणामाचा आकार पाहता ती एकटी पुरेल असे मला वाटत नाही.

वंशावळ

तो प्रयोग या बाबतीत इतरांपेक्षा स्वच्छ आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच पेशीवाचक यांनी शक्य असल्यास बेटांची रचना जेलवर आणावी असे सुचवेन. ते शक्य नसेल तर विभाजन थांबवून किंवा विभाजित पेशींवर ईडीयू (नव्या डीएनएत सामावणारे रसायन) याची खूण ठेवून निदान तिसरी, म्हणजे जास्त विभाजनाची, शक्यता वेगळी काढता येते.

पेशीवाचक

सर्वांच्या उत्तरांवरून मी पुढील आखणी केली आहे. त्रुटी असल्यास दाखवाव्यात. पेशी आता फ्लास्कमधून थेट जेलवर न नेता, अगदी सुरुवातीच्या पॅसेजपासूनच एक गट मऊ पृष्ठभागावर आणि एक प्लास्टिकवर वाढवणार आहे, म्हणजे यांत्रिक स्मृतीचा वाटा दिसेल. चिकटल्यानंतरची घनता दोन्हीकडे सारखी करणार, माध्यमाची उंची मोजून सारखी ठेवणार आणि ईडीयूची खूण ठेवणार. सुटलेल्या पेशींचे स्वतंत्र संवर्धन करणार. याप लवकर आणि मेदाचे थेंब उशिरा, अशा दोन वेळा पाहणार, आणि प्रत्येक विहिरीत कड आणि मध्य वेगळे मोजणार. ब्लेबिस्टॅटिन दिलेला एक प्लास्टिक-गटही ठेवणार आहे. ताणच कारण असेल तर त्या गटाने ताठर पृष्ठभागावर असूनही अस्थीकडे कमी जायला हवे.

केंद्रक

आखणी चांगली आहे. दोन गोष्टींची भर घालावी. अस्थिजनक माध्यमात साधारणपणे १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड), १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असते, तर मेदजनक माध्यमात डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर म्हणजे दहा पट, शिवाय आयबीएमएक्स, इंडोमेथासिन आणि इन्सुलिन. म्हणजे डेक्सामेथासोन दोन्हीकडे आहे आणि निम्मे-निम्मे मिश्रण केले की त्याची पातळी मेदाच्या बाजूला पडते. आपले मिश्र माध्यम दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या ठेवते हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागेल. डेक्सामेथासोनच्या दोन-तीन पातळ्यांवर प्रयोग करून पाहिल्यास ते कळेल.

दुसरी गोष्ट अ‍ॅलिझरिन रेडची. तो रंग कॅल्शियमला धरतो, ते पेशीने साठवले आहे की नाही हे त्याला कळत नाही. बीटा-ग्लिसरोफॉस्फेटचे विघटन झाले की फॉस्फेट मोकळे होते आणि माध्यमातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा साका खाली बसू शकतो. मरणाऱ्या पेशींच्या अवशेषांवर तर तो सहज बसतो. म्हणून लाल डागांबरोबर रन्क्स-२ आणि ऑस्टिओकॅल्सिन या अस्थीच्या खुणांची जनुकीय पातळी मोजा, आणि प्लास्टिकची एक आणि जेलची एक विहीर पेशींशिवाय, फक्त माध्यम घालून, तितकेच दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवून त्याही रंगवा. त्या रिकाम्या विहिरींत लाली दिसली तर प्रत्येक पृष्ठभागावरच्या अस्थीचा आकडा त्याच्या रिकाम्या विहिरीच्या प्रमाणात कमी करूनच दोहोंची तुलना करावी.

पेशीवाचक

रिकाम्या विहिरी आणि डेक्सामेथासोनच्या पातळ्या, दोन्ही आखणीत घेतल्या. सुटलेल्या पेशींचे निकाल हाती आले की याच धाग्यावर छायाचित्रांसह मांडते.